बूमरँग घरी करताना : फेकायच्या काठीचा इतिहास आणि एक अनुमान



माझ्यासमोर टेबलावर दोन लाकडं ठेवली आहेत. मागच्या रांगेतल्यांना दिसावीत म्हणून उचलून दाखवतो. हे प्लायवुडचं, आणि हे पेरूच्या फांदीचं. दोन्ही घरीच केलेली, कर्जतला, आमच्या पडवीत. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाने सत्तरीनंतर सुतारकाम का काढलं, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. घरच्यांच्याही मनात आहे. (हशा)

त्याचं कारण एक अनुमान आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या काही विद्वानांनी या वाकड्या काठीवरून आपल्या दख्खनच्या डोंगरातल्या माणसांचा वंश ठरवला. ते अनुमान मला तपासून बघायचं होतं. वाचून एका मर्यादेपर्यंत तपासता येतं; त्यापुढे करवत लागते. ती का लागते, ते बोलता बोलता येईलच.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. बूमरँग म्हटलं की आपण ‘परत येणारं’ असं धरून चालतो. वर्तमानपत्रात तर ‘अमक्याचा डाव बूमरँग झाला’ असं क्रियापदच झालंय. पण जगाच्या इतिहासात फेकायच्या वाकड्या काठ्यांचा विचार केला, तर त्यातल्या बहुतेक परत येत नाहीत. शिकारीची काठी परत यावी अशी अपेक्षाच नसते. ती सरळ, जमिनीला समांतर, गरगरत लांब जावी आणि सशाला लागावी, एवढंच तिचं काम. परत येणारी काठी हलकी असते. ऑस्ट्रेलियात ती मुख्यतः खेळासाठी आणि कधी पाखरांचा थवा जाळ्याकडे वळवण्यासाठी वापरत. ‘बूमरँग’ हा शब्द सिडनीजवळच्या धारुग लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आला आणि इंग्रजीतून आपल्याकडे. ऑस्ट्रेलियातल्या इतर लोकांचे त्यासाठी वेगळे शब्द आहेत. एका किनाऱ्यावरचा शब्द साऱ्या जगाच्या काठ्यांना चिकटला.

कर्जत-खालापूर हे काही बूमरँगचं माहेर नव्हे. आपल्या रानातली हत्यारं म्हणजे तिरकमठा, गलोल, शेताची राखण करायची गोफण, आणि कमरेला अडकवलेला कोयता. पण काठी गरगरत फेकणं आपल्या हाताला नवीन नाही. चिंचा पाडायला दांडकं मारायचं ते सरळ मारत नाहीत, भिरकावतात. मराठीत ‘फेकणे’ आणि ‘भिरकावणे’ हे वेगळे शब्द आहेत, आणि दुसऱ्यात ते गरगरणं ऐकूच येतं. भिरभिरंही त्याच घरातलं. सुरपारंब्यांचा खेळ आठवा. पायाखालून काठी लांब फेकायची, राज्य असलेल्याने धावत जाऊन ती आणायची, तोवर बाकीचे झाडावर. परत न येणाऱ्या काठीवर उभा असलेला खेळ आहे तो. आणायला एक माणूस ठेवलेला आहे.

आता जरा लांब जाऊ. पोलंडमध्ये ओब्लाझोवा नावाची गुहा आहे. तिथे मॅमथच्या सुळ्यापासून घडवलेली एक वाकडी फेककाठी सापडली. 1987 साली तिची माहिती प्रसिद्ध झाली. आधी ती सुमारे 23 हजार वर्षांपूर्वीची मानत. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत हे वय 40 हजारांच्या आसपास गेलं. दक्षिण ऑस्ट्रेलियात वायरी स्वॅम्प या दलदलीत 1973 मध्ये लाकडी बूमरँग मिळाले, सुमारे 10 हजार वर्षांचे. लाकूड इतकं टिकत नाही, पण दलदलीतल्या चिखलाने हवा लागू दिली नाही म्हणून टिकलं. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यात, जे 1922 मध्ये उघडलं, फेककाठ्या निघाल्या. अमेरिकेत होपी लोकांची ससे मारायची वाकडी काठी प्रसिद्ध आहे.

आणि भारतात? भारतात दोन ठिकाणं ठळक आहेत. गुजरातेतल्या कोळ्यांची फेककाठी, जी इंग्रज संग्राहकांनी ‘कटारिया’ अशा नावाने नोंदली. (‘कोळी’ ऐकून लगेच आपले सोनकोळी किंवा महादेव कोळी आठवू नका. नाव एक म्हणून माणसं एक, हाही त्याच जातीचा तर्क आहे, ज्याबद्दल मी आज बोलणार आहे.) दुसरं ठिकाण तमिळ मुलूख: शिवगंगा, पुदुक्कोट्टै, मदुरा. तिथल्या कळ्ळर आणि मरवर लोकांची ‘वळरी’. चंद्रकोरीसारखी, एक टोक रुंद आणि जड, दुसऱ्या टोकाला मुठीत बसणारी गाठ. लाकडाची असे, हस्तिदंताचीही, लोखंडाचीही.

या वळरीची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. जेम्स वेल्श नावाचा कंपनीचा लष्करी अधिकारी तरुणपणी शिवगंगेकडे होता. चिन्न मरुदू, म्हणजे धाकटा मरुदू, तिथला खरा कारभारी. वेल्शने 1830 मध्ये छापलेल्या आठवणींत लिहून ठेवलंय की भाला फेकायला आणि ही काठी मारायला आपल्याला पहिल्यांदा शिकवलं ते या मरुदूनेच, आणि सराईत हात शंभर यार्डांच्या आत नेम चुकवत नाही. पुढे 1801 मध्ये मरुदू बंधूंनी कंपनीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्यांना पकडण्याच्या मोहिमेत हाच वेल्श होता. त्याच वर्षी तिरुप्पत्तूरला दोघा भावांना फाशी दिलं. त्यानंतर त्या मुलखातली हत्यारं काढून घेतली गेली. शतकभराने, 1909 मध्ये, एडगर थर्स्टनचा दक्षिण भारतातल्या जातीजमातींवरचा मोठा ग्रंथ आला, तेव्हा वळरी बरीचशी लग्नातली वस्तू उरली होती. कळ्ळरांच्या काही लग्नांत दोन्ही घरं एकमेकांना वळरी देत. हत्यार गेलं, पण आहेरात राहिलं.

आता त्या अनुमानाकडे येतो.

ऑगस्टस लेन फॉक्स नावाचे एक ब्रिटिश अधिकारी होते, पुढे 1880 मध्ये त्यांनी पिट-रिव्हर्स हे नाव घेतलं. त्यांचा प्रचंड संग्रह 1884 मध्ये ऑक्सफर्डला गेला. तिथलं ते संग्रहालय आजही त्यांच्या नावाने आहे. 1867 ते 1869 या काळात त्यांनी लंडनमध्ये आदिम युद्धकलेवर तीन व्याख्यानं दिली. ऑस्ट्रेलियाची काठी, दख्खनची काठी आणि इजिप्तची काठी त्यांनी शेजारी मांडल्या आणि म्हटलं, हे साम्य योगायोगाचं नाही, हे एका मुळातून पसरलं आहे. त्याच सुमारास, 1870 मध्ये, थॉमस हक्सलेने मानवाच्या मुख्य प्रकारांचा नकाशा काढला. त्यात त्याने ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी आणि दख्खनच्या अंतर्भागातले डोंगरी लोक एका गटात घातले, आणि प्राचीन इजिप्शियनांचा धागाही तिथे जोडला. कवटी, केस, कातडीचा रंग एका बाजूला. काठी दुसऱ्या बाजूला. दोन पुरावे एकमेकांना टेकू देत उभे राहिले. ‘दख्खनचे डोंगरी’ म्हटलं की आपल्या कातकरी-ठाकरांवरही तो शिक्का आपसूक बसतो.

मला या लेन फॉक्सबद्दल आदर वाटतो, हेही सांगून टाकतो. कारण हा माणूस नुसता बसून लिहिणारा नव्हता. ब्रिटिश म्युझियममधल्या एका इजिप्शियन काठीची हुबेहूब नक्कल त्याने करवून घेतली आणि मैदानावर जाऊन ती स्वतः फेकून पाहिली. मात्र संग्रहाची मांडणी करताना तो जे करतो, ते मला पटत नाही. 1875 च्या त्याच्या एका आकृतीत मधोमध साधी सरळ काठी आहे, आणि तिच्यापासून किरणांसारखे निघालेले बूमरँग, गदा, ढाली, भाले. जणू एकातून दुसरं जन्मलं. पण त्या सगळ्या वस्तू ऑस्ट्रेलियातल्या, त्याच्याच काळातल्या! एकाच वेळी वापरात असलेल्या वस्तूंना त्याने आजोबा, बाप, नातू करून टाकलं. आपल्या स्वयंपाकघरातला चमचा, पळी, डाव आणि झारा घेऊन कोणी म्हणालं की चमच्यापासून पळी झाली आणि पळीपासून झारा, तर आजीबाई काय म्हणतील? (हशा)

आता मी माझ्या विषयावर येतो. न्यायदर्शनात अनुमानाची फार बारीक चिकित्सा आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग आहे, हे अनुमान ठीक. आपण कर्जतकर दर उन्हाळ्यात राब भाजताना ते करतोच. पण उलट म्हणून बघा: आग आहे, म्हणून धूर असणारच. चुकलं. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात आग आहे, धूर कुठे आहे? धुरासाठी आगीशिवाय आणखी एक गोष्ट लागते, ओलं सरपण. या न दिसणाऱ्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेशाने ‘तत्त्वचिंतामणी’त याचा जो कीस काढला आहे, तो वाचताना आजही घाम फुटतो.

‘जिथे सारखी काठी, तिथे एक मूळ’ या अनुमानात उपाधी कोणती? ती अशी, की ते साम्य ऐच्छिक असलं पाहिजे. म्हणजे, वस्तू वेगळ्या तऱ्हेने करता आली असती, तरीही दोघांनी ती तशीच केली, तेव्हाच दोघांनी एकमेकांचं पाहिलं असं म्हणायला आधार मिळतो. दोन गावांत पळीला खोलगट वाटी आहे यावरून काही सिद्ध होत नाही. आमटी वाढायची तर वाटी खोल लागणारच. पण दोन्ही गावांत पळीच्या दांड्यावर एकच डोळ्याची, मान मुरडलेली चिमणी कोरलेली असेल, तर मात्र चौकशी करावी.

मग फेककाठीत ऐच्छिक काय आणि सक्तीचं काय? हे नुसतं संग्रहालयाच्या काचेतून कळत नाही. काठी करायला घेतली, की लाकूड आणि हवा दोघं मिळून सांगतात. म्हणून हा पडवीतला उद्योग.

आधी फांदीवाला बूमरँग. सरळ फळीतून वाकडा आकार कापला, की एका हाताच्या बाजूला लाकडाची रेघ आडवी येते आणि जमिनीवर आपटलं की तिथेच कडक्क. म्हणून मुळातच वाकलेली फांदी हवी, म्हणजे रेघ वळणाबरोबर वळते. हेच आपले शेतकरी लाकडी नांगरासाठी वाकडं खोड निवडताना पिढ्यान्‌पिढ्या करत आले. पेरूचं लाकूड चिवट, बेचकीसाठी पोरं तेच शोधतात. आमच्याकडे कधीमधी येणारे एक ठाकर आजोबा आहेत. छाटणीतल्या तीन फांद्या त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी एकेक हातात घेतली, साल नखाने खरवडली, दोन बाजूला टाकल्या. “ही घ्या सर. ह्या दोन वाकल्यात, पन आतनं पिळल्यात. वाळल्या का फिरतील.” माझ्या डोळ्याला तिन्ही सारख्याच दिसत होत्या. (इथे एक सूचना. खैर, साग, ऐन अशा झाडांना 1964 चा महाराष्ट्राचा वृक्षतोडीचा कायदा लागू आहे. रानात करवत घेऊन जाऊ नका. परसातली छाटलेली फांदी पुरते.)

फांदी ओली असतानाच वळणाच्या पातळीत उभी चिरली, की दोन पातळ जुळे तुकडे मिळतात. टोकांना मेण लावायचं, नाहीतर टोकं लवकर सुकून तडकतात. सावलीत, सपाट, वर वजन ठेवून दोन-तीन महिने विसरून जायचं. मग वाकस, रंधा, कानस आणि शेवटी पॉलिश पेपर. सेंटिमीटरभर जाडीपर्यंत आणायचं.

ज्यांना इतका धीर नाही त्यांनी प्लायवुड घ्यावं. चांगल्या प्रतीचं, पाच-सहा मिलिमीटर जाडीचं, जितके थर जास्त तितकं बरं. पुठ्ठ्यावर आकार काढा: टोकापासून टोकापर्यंत साधारण 40 सेंटिमीटर, हाताची रुंदी साडेचार-पाच, कोपरातला कोन काटकोनापेक्षा थोडा मोठा. जिगसॉने कापा. खालची बाजू सपाट ठेवायची, वरची कानशीने गोलवायची. प्रत्येक हाताची जी कड हवेत पुढे घुसणार ती बोथट गोल, मागची निमुळती पातळ. विमानाच्या पंख्यासारखं. आता इथे बारकाईने ऐका, कारण इथे बरेच जण फसतात. उजव्या हाताने फेकायचा बूमरँग वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे एका हाताची पुढची कड कोपराच्या बाहेरच्या अंगाला येते आणि दुसऱ्याची आतल्या अंगाला. दोन्ही बाहेरच्या कडा बोथट केल्यात तर ती शोभेची वस्तू झाली, भिंतीवर लावा. प्लायवुडचा एक फायदा असा, की घासताना थरांच्या रेषा उघड्या पडतात, नकाशातल्या समउंचीच्या रेषांसारख्या. माथेरानच्या उताराचा नकाशा पाहिलाय ना? तसं. दोन्ही हातांवर रेषा सारख्या दिसल्या की उतार सारखा झाला.

तो वळून का येतो? फेकताना तो जवळजवळ उभा धरतात, वरचं टोक किंचित उजवीकडे कललेलं, गोलवलेली बाजू आपल्याकडे. हवेत गेल्यावर वरचा हात पुढे धावत असतो आणि खालचा मागे येत असतो. म्हणजे वरच्या हाताला वारा जास्त वेगाने लागतो, खालच्याला कमी. वर जोर जास्त, खाली कमी. त्यामुळे तो डावीकडे कलंडायला हवा. पण फिरणारी वस्तू कलंडत नाही, वळते. भोवरा तिरका झाला की आडवा न पडता डोलत गोल फिरतो, तीच गत. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात फेलिक्स हेस यांनी 1975 मध्ये यावर आख्खा प्रबंध लिहिला.

हे सगळं करताना माझ्या लक्षात काय येत गेलं? कोपर का? कारण फांदीला कोपर असतो, आणि सरळ काठीपेक्षा वाकडी काठी फिरताना स्थिर राहते. चपटी का? कारण गोल काठीला हवा आडवते. कडा निमुळत्या का? हवेमुळेच. लांबी हातभर का? कारण माणसाचा हात तेवढा आहे. म्हणजे पोलंडपासून पुदुक्कोट्टैपर्यंत ज्या ज्या गोष्टीत साम्य आहे, ती ती गोष्ट सक्तीची आहे. ऐच्छिक भाग बघा, म्हणजे मूठ, नक्षी, धातू, कोणाच्या लग्नात कोणी कोणाला द्यायची हे सगळं. वळरीची मुठीची गाठ आणि जड टोक ऑस्ट्रेलियाच्या परत येणाऱ्या काठीला नाही. तिच्यावरचं कोरीवकाम वळरीला नाही. साम्य संपतं नेमकं तिथे, जिथे ते पुरावा ठरलं असतं. आणि मॅमथचा सुळा तासणारा पोलंडमधला माणूस तर हक्सलेच्या त्या गटात कुठूनच बसत नाही.

आता कोणी अभ्यासू श्रोता विचारील, सर, जनुकशास्त्र काय म्हणतं? रास्त प्रश्न आहे. 2013 मध्ये एक संशोधन आलं, की सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारतातून ऑस्ट्रेलियाकडे काही माणसं गेली असावीत. 2016 मध्ये तिथल्या पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास झाला, त्यात त्याला पुष्टी मिळाली नाही. उद्या आणखी काही येईल. पण समजा पहिलं खरं ठरलं, तरी दलदलीतले बूमरँग 10 हजार वर्षांचे आहेत. पाहुणे येण्याच्या कितीतरी आधी यजमानाच्या घरात ते होते. आणि तर्कशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी असंही म्हणेन, की निष्कर्ष कधीकाळी खरा निघाला म्हणून वाईट अनुमान चांगलं होत नाही. बंद पडलेलं घड्याळही दिवसातून दोनदा बरोबर असतं.

या अनुमानाचं नुकसान काय झालं, तर काठी ही रक्ताची खूण ठरली आणि तिच्यातला विचार दिसेनासा झाला. कातकरी हे नावच बघा. ते कातावरून आलं, खैराच्या लाकडाचा गाभा उकळून काढतात तो कात. कोणत्या झाडाचा गाभा भरला आहे, किती उकळायचं, कधी थांबायचं, हे सगळं त्या नावात आहे. 1843 मध्ये जॉन विल्सन यांनी उत्तर कोकणातल्या वारली आणि काथोडी लोकांवर लिहिलं. पुढे 1878 चा वनकायदा आला, राखीव जंगलं झाली, खैर सरकारी झाला. कर्जत तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, 1891 मध्ये कुलाब्यात आला. जिल्हा बदलला, पण खैर परत मिळाला नाही. आज कातकरी ‘विशेष असुरक्षित आदिवासी गट’ या सरकारी यादीत आहेत, आणि दिवाळीनंतर आपल्या तालुक्यातून वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कुटुंबांत त्यांची संख्या मोठी असते. त्या आजोबांनी साल खरवडून जे ओळखलं, ते शाळेच्या कुठल्या विषयात बसतं, मला सांगा. वनस्पतिशास्त्रात? भौतिकशास्त्रात? शाळांनी सुतारकामाच्या तासाला अशी एखादी व्यक्ती मानधन देऊन बोलवावी, असं माझं मत आहे. पाहुणा म्हणून नको, शिक्षक म्हणून.

वेळ होत आलीय, दोन प्रश्न घेतो.

(श्रोत्यांतून प्रश्न : डावखुऱ्या माणसाने काय करायचं?)

आरशात दिसेल तसा करायचा. कडांची अदलाबदल, फेकायची दिशाही उलट. उजव्या हाताच्या माणसाने वाऱ्याकडे तोंड करून साधारण 45 अंश उजवीकडे फेकायचं, डावखुऱ्याने डावीकडे. आणि जागा मोठी हवी, चारी बाजूंना 50 मीटर मोकळी. भात कापून झाल्यावर पौष-माघातली खाचरं उत्तम, सकाळी वारा मंद असतो तेव्हा. गुरं आणि पोरं लांब ठेवा. झेलताना एका हाताने पकडायला जाऊ नका, दोन तळव्यांत टाळी वाजवल्यासारखा धरा.

(प्रश्न : गुरुत्वाकर्षण नसेल तर तो परत येईल का?)

येतो. 2008 मध्ये ताकाओ दोई या जपानी अंतराळवीराने अंतराळस्थानकात कागदी बूमरँग फेकून पाहिला. स्थानकात हवा आहे. तो वळून त्याच्या हातात आला.